‘गुळगुळीत’ गुळगुळीत का वाटतो? शब्दाचा नाद आणि अर्थ

टिपकागद

‘गुळगुळीत’ आणि ‘खरखरीत’. मराठीचा गंध नसलेल्या माणसाला हे दोन शब्द नुसते ऐकवले, समोर काच आणि सँडपेपर ठेवला आणि कुठला शब्द कशाचा असं विचारलं, तर तो बरोबर जोडी लावेल का?

माझा अंदाज: लावेल. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरची व्याख्यानं १९१६ साली छापून आली तेव्हापासून शब्द आणि अर्थ यांचं नातं यादृच्छिक, म्हणजे नुसत्या रूढीने ठरलेलं असतं हे सगळे घोकत आलेत. ‘खुर्ची’, ‘मंगळवार’, ‘आत्या’ यांच्यापुरतं कबूल. पण कडकडाट, सळसळ, चुळबुळ, मिणमिण, लिबलिबीत हा जो ढीग मराठीत पडलाय तोही यादृच्छिकच? की कानाला सवय झाली म्हणून तसं वाटतं? जाणकारांनी उदाहरणं देऊन लिहावं. ‘भाषा हे एक गूढ आहे’ छापाचे प्रतिसाद नकोत.

झिरोचा बल्ब

‘मिणमिण’च्या निमित्ताने आठवण काढल्याबद्दल आभार.

रेफ

हा वाद सोस्यूरच्या फार आधीचा. निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात (३.१८), यास्क सांगतो की ‘काक’ हे आवाजाचं अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या नावांत हे पुष्कळदा दिसतं. लगेच औपमन्यवाचा विरोधही नोंदवतो: अनुकरण वगैरे काही नसतं, ‘काक’ म्हणजे हाकलून लावण्याजोगा. थोडक्यात, या धाग्यावरची दोन्ही पार्ट्यांची जागा तेव्हाच भरलेली आहे.

पाणिनीने अशा शब्दांना वेगळा प्रत्ययच दिलाय (५.४.५७, ‘डाच्’). ‘पटत्’ असा आवाज झाला की ‘पटपटाकरोति’. सूत्रातला शब्द बघा: ‘अव्यक्तानुकरण’. अव्यक्त म्हणजे ज्यात वर्ण वेगवेगळे ऐकू येत नाहीत असा ध्वनी. मेख इथेच आहे. फांदी मोडते तेव्हा त्यात ‘क’ही नसतो आणि ‘ड’ही नसतो, ते आपण घालतो. प्रत्येक भाषा आपल्या डब्यातले वर्ण घालते, म्हणून कोंबडा मराठीत कुकूचकू करतो, फ्रेंचमध्ये कोकोरिको आणि जपानीत कोकेकोक्को. वेगळे, पण तिन्हीकडे ‘क’ सुटलेला नाही.

एक घोळ आधीच टाळू. मीमांसक शब्दार्थाचं नातं ‘औत्पत्तिक’ (मुळातच जडलेलं) म्हणतात आणि नैयायिक ते संकेताने ठरलेलं मानतात, हा वाद इथे ओढला जातो. पण औत्पत्तिक म्हणजे नादसाम्य नव्हे. ‘गो’ हा शब्द गाईसारखा ऐकू येतो असं मीमांसासूत्रांचा कर्ता जैमिनी कुठेही म्हणत नाही.

कंपनसंख्या

कडकडाट आणि गडगडाट ही जोडी घ्या, त्यात बरंचसं भौतिकशास्त्र सापडतं.

वीज जवळ पडली की आवाज कोरडा आणि तीक्ष्ण येतो, कारण त्यातल्या उच्च कंपनसंख्या शाबूत असतात. अंतर वाढलं की हवा त्या आधी शोषून घेते आणि खालच्या तेवढ्या उरतात. शिवाय विजेचा मार्ग काही किलोमीटर लांब आणि वाकडातिकडा असतो. ध्वनीला एक किलोमीटरला साधारण ३ सेकंद लागतात, त्यामुळे वेगवेगळ्या भागांतून निघालेला आवाज मागेपुढे पोचतो आणि एकच दणका लोळत लोळत येतो. जवळची वीज कडकडते, लांबची गडगडते.

आता तोंडात काय होतं ते बघा. ‘क’ म्हणताना जीभ अडते तेवढा वेळ पूर्ण शांतता असते, मग एकदम स्फोट. ‘ग’ म्हणताना अडलेल्या वेळातही स्वरतंतू कंप पावत असतात, म्हणजे स्फोटाआधीच खालच्या पट्टीतली गुरगुर चालू झालेली असते. मराठीने कोरड्या आवाजाला अघोष आणि खर्जातल्या आवाजाला घोष वर्ण दिला. हा योगायोग म्हणायला मन धजत नाही, कारण जपानीतही हेच आहे: छोटी गोल वस्तू घरंगळली की ‘कोरोकोरो’, धोंडा घरंगळला की ‘गोरोगोरो’. आणि ढगांच्या गडगडाटालाही ‘गोरोगोरो’च.

अर्धविराम

कंपनसंख्या, फारच सुंदर. अवांतर: पोकेमॉनच्या जपानी नावांवरही असा अभ्यास झालाय (कावाहारा आणि सहकारी, २०१८). नावात घोष व्यंजनं जास्त तसा तो प्राणी आकाराने मोठा आणि वजनाने जड, असा कल दिसला. नाव जितकं लांब तितकाही मोठा.

झिरोचा बल्ब

म्हणजे ‘अगडबंब’ हा मराठी पोकेमॉन.

कोशकीटक

नादाबद्दल बोलताना सगळे वर्णांवरच थांबतात. मराठीत जास्त पद्धतशीर काम साचे करतात.

मूळ घटक एक अक्षराचा: टप्, कड्, पट्, खट्, सळ्. त्याला ‘कन’ किंवा ‘दिशी’ लावलं की क्रिया एकदाच घडते. टपकन म्हणजे एक थेंब. दुप्पट केलं की आवृत्ती: टपटप म्हणजे थेंबांची रांग. मध्ये ‘आ’ घातला की एकामागोमाग एक, घाईने, पुष्कळ: पानं टपाटप गळली. ‘आट’ लावला की मोठा आणि लांबलेला आवाज: कडकडाट, खणखणाट. पाचवा प्रकार मला सगळ्यात आवडतो, त्यात दुसरं व्यंजनच ताणलं जातं: कडाडणे, धडाडणे, दणाणणे, सणाणणे. आवाज घुमतो तशी अक्षरं घुमतात. इथे ‘ण’ आणि ‘ड’ यांचा अर्थ काय हे विचारावंच लागत नाही. एकदाची गोष्ट एकदा आणि पुनःपुन्हाची पुनःपुन्हा, हे साम्य कुठल्याही भाषेच्या माणसाला कळेल.

‘ईत’ मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याने आवाजाचा गुण होतो आणि मग शब्द आवाजापासून निसटतो. ‘कडकडीत ऊन’ यात कड् असं काहीही वाजत नाही.

नाकासमोर

धाग्याला थोडं पाणी पाजतो. कौतुक चाललंय ते वेचून आणलेल्या शब्दांचं आहे.

आत्ताच मी सिद्ध करून दाखवतो की ‘ळ’ म्हणजे द्रवाची किंवा मनाची हालचाल: खळखळ, झुळझुळ, भळभळ, घळघळ, ओघळ, मळमळ, जळजळ, तळमळ, हळहळ, कळकळ. झाली दहा. टाळ्या. आता हे घ्या: फळा, टाळा, कुलूपबंद माळा, खिळा, शाळा, काळा, पोळपाट. यातलं काय वाहतंय? हव्या त्या अर्थाचे शब्द आठवायचे आणि बाकीचे विसरायचे, याला पुरावा म्हणत नाहीत.

योग्य रीत अशी: आधी नियम लिहून ठेवा, मग कोशातून त्या साच्यातले सगळे शब्द काढा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) अनुकरणवाचक शब्दांची रेलचेल आहे आणि त्यात शोध घेता येतो. दुसरं व्यंजन ‘ळ’ असलेल्या दुहेरी शब्दांपैकी किती प्रवाही आहेत ते मोजा, मग दुसरं व्यंजन ‘र’, ‘ड’, ‘ट’ असलेल्यांत तेच मोजा. तुलनेला दुसरी बाजू नसेल तर दहा काय आणि शंभर काय. आणि मोजणाऱ्याला गृहीतक माहीत नसावं, नाहीतर ‘वळवळ’ तो हळूच प्रवाही मध्ये सरकवेल.

कोशकीटक

@नाकासमोर, मुद्दा मान्य. पण फळा आणि टाळा यांची तुलना चुकीची. दावा दुहेरी शब्दांपुरता आहे, सगळ्या शब्दसंग्रहाचा नाही. पोळपाटाला मधेच का लाटताय?

नाकासमोर

मग दुहेरीतलेच देतो. चळचळ (कापणे), टळटळीत, ढळढळीत, सळसळ (पानं). वाहणारं एकही नाही.

भिरभिरं

स्वरांचं कोणी काढलं नाही अजून. इ-अ-उ अशी शिडी मराठीत कितीतरी ठिकाणी सापडते. रातकिड्यांची किरकिर बारीक, बिजागरीची करकर मध्यम, नाराज माणसाची कुरकुर खालच्या सुरात. टिपटिप पाऊस आणि टपटप पाऊस यांत थेंबाचा आकार बदलतो.

याचंही कारण तोंडात आहे. ‘ई’ला जीभ वर आणि पुढे येते, समोरची पोकळी लहान होते आणि आवाजातला दुसरा अनुनाद (तोंडाच्या पोकळीत घुमून उठून दिसणारी दुसरी कंपनसंख्या) वर चढतो. १९५२ साली अमेरिकी इंग्रजीवर झालेल्या प्रसिद्ध मोजणीत पुरुषांच्या ‘ई’चा दुसरा अनुनाद सरासरी २२९० हर्ट्झ होता, ‘ऊ’चा ८७०. लहान पोकळी, चढा आवाज, लहान वस्तू. सपीरने १९२९ साली ‘मल’ आणि ‘मिल’ ही दोन बनावट नावं एका लहान आणि एका मोठ्या टेबलाला द्यायला सांगितली, तर बहुसंख्य लोकांनी मोठ्याला ‘मल’ म्हटलं.

झिरोचा बल्ब

मराठी माणसाने कुठल्याच टेबलाला म्हटलं नसतं.

नाकासमोर

भिरभिरं, तुमच्याच नावावरून विचारतो. भिरभिर, भरभर, भुरभुर. शिडीप्रमाणे ‘भुरभुर’ सगळ्यात जड हवी. भुरभुर पाऊस सगळ्यात हलका असतो. आता कोणी म्हणेल की ‘भ’मधल्या श्वासामुळे विखुरल्यासारखं वाटतं. म्हणता येईलच. निकाल लागल्यावर कारण कशाचंही देता येतं. आणि ‘लहान’मध्ये ‘आ’ आहे, त्याचं काय करायचं?

कंपनसंख्या यांच्या गटातलाही एक दोष दाखवतो. अशा धाग्यांवर पुढे हमखास येणारी जोडी ‘किणकिण-खणखण-घणघण’. यात पहिल्या दोघांत व्यंजन आणि स्वर दोन्ही बदललेत, मग श्रेय कोणाला? खणखण आणि घणघण एवढीच तुलना चालेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

कंपनसंख्या

बरोबर. खणखण-घणघण ठेवू, किणकिण बाद.

रेफ

‘लहान’च्या निमित्ताने. ब्लासी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली जगातल्या जवळपास दोन तृतीयांश भाषांच्या मूलभूत शब्दांच्या याद्या तपासल्या. काही अर्थांना काही वर्ण अपेक्षेपेक्षा जास्त वेळा चिकटलेले आढळले, तेही नातं नसलेल्या भाषांत: नाकाला ‘न’, जिभेला ‘ल’, वाळूला ‘स’, लाल आणि गोल या अर्थांना ‘र’, लहान या अर्थाला ‘इ’.

आता मराठीचा निकाल लावा. नाक: पास. जीभ: ‘ल’ नाही. वाळू: ‘स’ नाही, रेती म्हटलं तरी नाही. लाल: ‘र’ नाही. गोल: नाही. लहान: ‘इ’ नाही. सहापैकी एक! पण कल खोटा ठरला असं नाही. तो हजारो भाषांच्या बेरजेत दिसणारा हलका झुकाव आहे, एकेका भाषेला बांधणारा नियम नव्हे. एकच भाषा घेऊन ‘सिद्ध झालं’ किंवा ‘फसलं’ दोन्ही म्हणता येत नाही.

आणि मजा बघा, लाडाने बोलायला लागलं की मराठी लगेच ‘इ’कडे वळते: चिमुकला, पिटुकला, इवलासा, चिटुकला, टिचभर. कोरडा शब्द ‘लहान’, भावना आली की ‘इ’.

अर्धविराम

‘झ’बद्दल लिहायचं होतं. ऋग्वेदात ‘झ’ एकदाच येतो, ‘जज्झतीः’ या शब्दात, आणि तोही नादानुकारीच समजला जातो. म्हणजे या वर्णाचा वाड्यात प्रवेशच मागच्या दाराने, आवाजाचं गाठोडं घेऊन झाला. आज मराठीत झगमग, झळाळी, झळकणे, झुळझुळ, झरझर, झणझण, झपाझप, झटकन. उजेड आणि वेग यांचा जणू ठेकाच.

एक सावधगिरी. झळाळी, झळकणे, झळझळीत हे एकाच कुळातले असू शकतात. त्यांना तीन स्वतंत्र साक्षीदार धरायचं नाही, एकाच घरातली तीन मतं आहेत ती. कोशातून मोजताना आधी कुळाप्रमाणे गठ्ठे बांधावेत आणि गठ्ठ्याला एक मत द्यावं. फर्थने अशा वर्ण-अर्थाच्या झुबक्यांना १९३० साली इंग्रजीत स्वतंत्र नाव दिलं, पण झुबका का तयार होतो याची दोन कारणं असतात: नादात खरंच काही असणं, किंवा आधी चार शब्द जमले म्हणून पाचवा त्यांच्या वळणावर जाणं.

शिवाय देवनागरीत लिहिलं की मराठीतले दोन ‘झ’ आणि दोन ‘च’ एकच दिसतात. ‘चमचम’चा च दंततालव्य, ‘चिवचिव’चा तालव्य. यादी करताना उच्चार वेगळे नोंदवा.

लगबग

माझं निरीक्षण. दुहेरी शब्दांत दुसरा भाग बदलतो तेव्हा तो जवळजवळ नेहमी ओठांवरच्या वर्णाने सुरू होतो. चुळबुळ, लुडबुड, कुजबुज, खुडबुड, किलबिल, गडबड, खळबळ, खटपट, झटपट, लटपट, तडफड, चरफड, धुसफुस, झगमग, डगमग, टंगळमंगळ, थातूरमातूर, अघळपघळ. ब, प, फ, म, हेच. ‘घर-बिर’, ‘काम-बिम’ इथेही ‘बि’.

नाकासमोर

रिमझिम. रेलचेल. उलटसुलट.

लगबग

मी ‘जवळजवळ’ म्हटलंय. अपवादांचे दोन गट दिसतात. एक, पहिला भागच ओठांवर सुरू होतो तेव्हा दुसरा तिथून हलतो: बारीकसारीक, मोडतोड, फाटकातुटका. दोन, दोन्ही भागांना स्वतःचा अर्थ आहे: पडझड. रिमझिम यात बसत नाही. ‘र’ने सुरू होणाऱ्यांची वेगळी तऱ्हा असावी, कारण रेलचेलही तशीच. उलटसुलटला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

कोशकीटक

लगबग, छान पकडलंत. पण हे नाद आणि अर्थ यांचं नातं नाही, उच्चाराच्या क्रमाचं आहे. ‘बुळ’ला अर्थ नाही. अर्थ आहे तो पहिला आणि दुसरा भाग किंचित वेगळे असण्यात. टकटक एकसारखी असते, खुडबुड एकसारखी नसते. सळसळ सलग, चुळबुळ अनियमित. पूर्ण आवृत्ती म्हणजे तीच क्रिया, बदललेली आवृत्ती म्हणजे विस्कळीत क्रिया. किलबिलही एका पक्ष्याची नसते.

नाकासमोर

हे आवडलं. ‘डगमग’ आणि ‘झगमग’ही चालतात. ‘झटपट’ चालत नाही, पण ते सोडून देतो.

झिरोचा बल्ब

नाकासमोर यांनी काहीतरी सोडून दिलं, तारीख लिहून ठेवा.

टिपकागद

धागा माझ्या अपेक्षेबाहेर पळाला, छान वाटतंय. पण माझा माणूस अजून काच आणि सँडपेपर घेऊन उभाच आहे. त्याची परीक्षा घ्यायची कशी?

मोजपट्टी

घेता येईल, पण या चाचण्या कुठे फसतात ते आधी.

सगळ्यांना माहीत असलेली चाचणी ‘बुबा-किकी’ची: एक गोलसर आकृती, एक टोकदार, नावं लावा. मूळ कल्पना कोलरची (१९२९), ही नावं रामचंद्रन आणि हबर्ड यांची (२००१). २०२२ साली २५ भाषांच्या ९१७ लोकांवर ती ऐकवून केली, तेव्हा एकूण ७२ टक्के उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. नुसत्या अंदाजाने ५० आली असती. म्हणजे परिणाम खरा, पण सरसकट नाही. रोमेनियन, तुर्की आणि मँडरिन बोलणाऱ्यांत तो दिसला नाही. रोमेनियनमध्ये ‘बुबा’सारखा शब्द लहान मुलांच्या बाऊला वापरतात, हे एक संभाव्य कारण.

मराठीत हीच अडचण. ‘बुबा’ला ‘बोबडा’ चिकटतो, ‘किकी’ला ‘किंकाळी’. कोलरचं टोकदार नाव ‘टाकेटे’ तर वापरूच नका: टाके म्हटलं की सुई आलीच. ‘मालुमा’त ‘मऊ’ लपलाय.

तुमच्या प्रश्नाला करायची गोष्ट अशी. शब्द छापून दाखवू नका, ऐकवा. रोमन लिपीत ‘के’ टोकदार आणि ‘बी’ गोल दिसतो आणि उत्तरावर अक्षराच्या आकाराचाही परिणाम होतो. देवनागरीत ‘क’लाही गोलाई आहे, तरी धोका नको. दोन्ही शब्द एकाच आवाजात, सपाट सुरात, सारख्या लांबीचे ध्वनिमुद्रित करा. हे सर्वांत जास्त वेळा चुकतं. ‘गुळगुळीत’ म्हणताना माणूस नकळत लांबवतो आणि ‘खरखरीत’ घशातून काढतो. मग ऐकणारा वर्ण ओळखत नाही, अभिनय ओळखतो. अर्थ न सांगता, उलट्यासुलट्या यादीतून वाचून घेतलं की हा दोष बराच कमी होतो.

एका माणसाला एकच जोडी द्या. दहा जोड्या दिल्या की तिसरीला त्याला तुमचा खेळ कळतो. २० जणांपैकी निव्वळ अंदाजाने १५ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्के, म्हणून १५ ही रेघ ठेवायला हरकत नाही. १३ आले तर काही बोलू नका, आणखी माणसं घ्या. खरं तर किती माणसं घ्यायची हे सुरुवातीलाच ठरवा, आकडा आवडेपर्यंत वाढवत जाणं ही फसवणूक आहे.

आणि ‘मराठी न येणारा’ एवढं पुरत नाही. भारतातल्या आर्य आणि द्राविड भाषांत या दुहेरी शब्दांची देवाणघेवाण आहे, एमेनोने १९६९ साली हे दाखवलंय. हिंदी येणाऱ्याला ‘खुरदरा’ माहीत असतो. त्यामुळे या प्रदेशाबाहेरच्या भाषेचा माणूस हवा.

कंपनसंख्या

निकालाचा अंदाज देतो. जपानी, कोरियन, सेमाई, सिवू आणि एवे या पाच भाषांतले असे शब्द डच लोकांना ऐकवले गेले (२०१६). निम्म्यापेक्षा थोडी जास्त उत्तरं बरोबर आली, आणि आवाजांचे शब्द सगळ्यात बरे ओळखले गेले. आवाज, मग हालचाल, मग दिसणं, मग स्पर्शादी, शेवटी मनोवस्था, अशी उतरंड डिंगेमान्सने २०१२ साली मांडलीय. मराठी ती पूर्ण चढते: कडकड, डगमग, चकचक, गुळगुळीत, तळमळ. ‘तळमळ’ बाहेरचा कोणी ओळखेल यावर मी पैज लावणार नाही.

गुळगुळीत-खरखरीतवर मात्र लावेन. विंटर आणि सहकाऱ्यांना (२०२२) अनेक भाषांत खरखरीत अर्थाच्या शब्दांत ‘र’ जास्त आढळला, विशेषतः जीभ थरथरवून म्हटला जाणारा ‘र’. जीभ टाळ्यावर अडखळत राहते, बोट खरखरीत पृष्ठभागावर अडखळतं तशी.

मोजपट्टी

पण त्या जोडीत ग-ख, उ-अ, ळ-र तिन्ही बदलतात. बरोबर आलं तरी ‘र’मुळे हे कळणार नाही. एकेक वर्ण बदललेले बनावट शब्दही ठेवा: गुरगुरीत, खळखळीत, गरगरीत.

नाकासमोर

तिन्ही मराठीत अर्थाचे वाटतात.

मोजपट्टी

ऐकणारा मराठी नाहीये.

नाकासमोर

वाचणारा आहे. गुरगुरीत म्हणताना गुरगुरेल तो.

टिपकागद

मग वाचायलाही मराठी न येणारा माणूस घेतो. ‘ळ’ म्हणता येणारा, पण मराठी नसलेला आवाज कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.